मूर्तीमागचं चित्र

"भैया, रुको! कैंची नीचे रखो!"

मी मंडपात शिरले, तर एक उंच मुलगा स्टुलावर चढून माझ्या चित्राला कात्री लावायच्या बेतात होता.

"मराठीत ओरडलात तरी चालेल," तो वळून म्हणाला. "मी मार्तंड. मंडळाचे दिवे नि लाउडस्पीकर माझ्याकडे. या पडद्यातून वायर काढायचीय."

"पडदा नाही तो... चित्र आहे!"

त्यानं चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्तच वेळ.

चूक त्याची एकट्याची नव्हती. अडुसष्ट सालचा आम्हा झाशीतल्या मूठभर मराठी घरांचा गणपती. मी मंडळाच्या प्रदर्शनासाठी चित्र दिलं आणि आमचे सेक्रेटरी गोविंदराव यांनी ते खुशाल मूर्तीमागे टांगलं. कोरं मांजरपाट भिजवून मी त्यावर पातळ रंग ओतते नि मुरू देते. त्यात ना झाड, ना बाई, ना राणीचा घोडा. पडदाच वाटणार! पण मीही हट्टाला पेटले होते. बाबांना सांगून टाकलं होतं, या गणपतीत कुणी एकानंही याला आपणहून चित्र म्हटलं नाही, तर रंग कायमचे बंद.

मार्तंडनं वायर मागून नेली, बल्बही मागेच लावला. बटण दाबलं आणि... निळा, केशरी रंग उजळून निघाले. कापडात मुरलेल्या रंगातून उजेड आरपार येत होता. माझंच चित्र मी पहिल्यांदा पाहत होते.

"रोज लावीन," तो हळूच म्हणाला.

मीही रोज गेले — आरतीला जाते, असं घरी सांगून.

शेवटच्या दिवशी गोविंदराव माइकवर म्हणाले, "सुंदर पडद्याबद्दल कमलिनीताईंचे आभार!" टाळ्या पडल्या. संपलं सगळं, मी मनात म्हटलं.

तेवढ्यात मार्तंडनं माइक घेतला. कान लालबुंद. "माफ करा, गोविंदरावजी. पडदा नाही, चित्र आहे ते. कमलिनीजींनी काढलंय."

"अगंबाई, मग नीट बघू तरी द्या!" मागून अनुसूयाकाकू ओरडल्या, आणि खुर्च्या पुढे सरकू लागल्या.

मंडप रिकामा झाल्यावर मी विचारलं, "मी सांगितलं होतं म्हणून म्हणालात ना?"

"सांगितलंत पहिल्या दिवशी. पटलं नंतर, बघून बघून. पडद्याकडे कुणी इतका वेळ बघत बसतं होय?"

"चित्राकडेच बघत होतात?"

"निम्मा वेळ..."

आता मात्र मी लाजले. "घरी अजून बरीच आहेत. पण मागे दिवा लावणारं कुणी नाही."

"रविवारी येऊ?"

"या. बल्ब घेऊन या."

घरी पोचल्यावर बाबांनी काही विचारायच्या आत मी म्हटलं, "बाबा, निळा संपलाय. उद्या बाजारात जाते."