नावावरची पट्टी

अठ्ठ्याऐंशीचा नोव्हेंबर. न्यू जर्सीत एडिसनला बाळकाकांच्या बेसमेंटमध्ये आम्ही तिघंचौघं मंडळाच्या नव्या नाटकाचं पोस्टर रंगवत बसलो होतो. हॉल मिळत नव्हता. दीपा म्हणाली, "काका, जर्सी सिटीचा तो जर्मन हॉल का नाही घेत? इट्स सो क्लोज टू द ट्रेन."

काकांनी चहाचा मग खाली ठेवला. "त्या हॉलचं नाव काढू नकोस."

"व्हाय?"

"वरची मोठी ट्यूब बंद कर. सांगतो."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं.

तुम्ही श्रीरंगला ओळखत नाही. माझ्या ऑफिसात होता. दिवसा पुलांची डिझाइन्स करायचा आणि घरी नाटक लिहायचा. सहा वर्षं एकच नाटक. शहाऐंशीच्या दिवाळीला मंडळाने ते बसवायचं ठरवलं. जर्सी सिटीत टेकडीवर जर्मन लोकांचा जुना गायन क्लब होता. ते म्हणाले, आमच्या ऑपेरेटाचे दिवे तुमच्या माणसाने सांभाळायचे, माइकवर अनाउन्समेंट करायची, मग हॉल फुकट वापरा. ऑपेरेटा म्हणजे त्यांचं संगीत नाटकच, थट्टामस्करी जास्त. नाव होतं 'काचेची नवरी'.

एका संध्याकाळी श्रीरंग हॉलची किल्ली आणायला गेला. काम एवढंच. क्लबचा दिग्दर्शक वॉल्टर किचनमध्ये उभ्याउभ्याच सॉसेज खात होता. श्रीरंगला आपली मराठी सवय. तिसरी घंटा झाली की आधी नावं सांगायची. संगीत अमुक, लेखक तमुक. लेखक सांगितल्याशिवाय आपला पडदा वर जातो का?

"संगीतकाराचं नाव कळलं," तो म्हणाला. "शब्द कोणाचे?"

"जुने आहेत."

"जुने असले तरी कोणीतरी लिहिलेच असतील ना?"

वॉल्टरने त्याला बाहेरच्या पॅसेजमध्ये नेलं. फ्रेममध्ये व्हिएन्नाचं एक पोस्टर होतं. संगीतकाराचं नाव ठळक. त्याच्या खाली कागदाची पिवळी पट्टी डकवलेली.

"पट्टीखाली एमिल क्रोनफेल्ड," वॉल्टर म्हणाला. "ज्यू होता. अडतीस साली नाझी आले तेव्हा थिएटरवाल्यांनी रातोरात सगळीकडे अशा पट्ट्या चिकटवल्या. तो पुढे कँपमध्ये मेला. प्रयोग मात्र थांबले नाहीत हं! युद्धात सैनिकांसाठी केले, हाउसफुल. एका समीक्षकाने तर लिहिलं, हे शब्द खास आपल्या मातीतले आहेत." तो मोठ्याने हसला. "युद्धानंतर पुस्तक पुन्हा छापलं, तेही पट्टीवाल्या प्रतीवरूनच. आम्ही इथे तेच वापरतो."

"मग आता तरी नाव घ्या."

वॉल्टरने बोटांना लागलेली मोहरीची चटणी एकेक बोट करून चाटली. "आमची म्हातारी माणसं बिअर प्यायला येतात. त्यांचा मूड कशाला घालवायचा? तू ते नाव घेतलंस तर हॉल विसर."

"ईऽऽ," दीपा म्हणाली. "दॅट इज सो ग्रोस."

"थांब. यापेक्षा किळसवाणं पुढे आहे."

श्रीरंगने मंडळाच्या अध्यक्षाला, प्रसन्नला, फोन केला. प्रसन्न म्हणाला, "यार, त्यांचं नाटक, त्यांचा माणूस. आपला काय संबंध? तुझा प्रयोग होऊ दे की!"

"आणि तो गप्प बसला?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"सहा वर्षांचं नाटक होतं रे," काका म्हणाले.

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार. घड्याळं एक तास मागे घ्यायची ती रात्र. हॉल भरलेला. तळणाचा आणि ओल्या कोटांचा वास. त्यांच्या रंगमंचाच्या पुढच्या कडेला, मधोमध, प्रॉम्प्टरची पेटी होती. आपला प्रॉम्प्टर विंगेत उभा राहतो, त्यांचा जमिनीखाली बसतो. फक्त डोकं वर, त्यावर लाकडी टोप. ती पेटी कित्येक वर्षांपासून फळ्या ठोकून बंद केलेली होती.

तिसरी घंटा झाली. श्रीरंग पडद्यापुढे आला. संगीतकाराचं नाव घेतलं. मग लेखकाची जागा आली. जीभ सवयीने थांबली.

पेटीतून कोणीतरी हळूच म्हणालं, "एमिल क्रोनफेल्ड."

प्रॉम्प्टर सांगतो ना, तसं. घाईघाईने. मदत म्हणून.

श्रीरंगने खाली पाहिलं. फळ्या. खिळे.

पुन्हा. "एमिल... क्रोनफेल्ड..."

लोक शांत होते. कोणालाच ऐकू गेलं नव्हतं. पहिल्या रांगेतून वॉल्टर त्याच्याकडे बघत होता.

श्रीरंग म्हणाला, "दिग्दर्शन, वॉल्टर..."

आणि तोंडात चव आली. खळीची. पतंगाला लावतो ती मैद्याची खळ, चार दिवस तशीच राहिली की आंबते, तिला तार सुटते... तशी. दातांना, टाळ्याला. थुंकता येईना. गिळता येईना.

पेटी गप्प झाली.

प्रयोग उत्तम झाला. टाळ्या, बिअर, गाणी. सगळे गेल्यावर श्रीरंग दिवे उतरवायला एकटाच थांबला. एक दिवा उतरवला. दुसरा. तिसऱ्याला हात लावला आणि तो वास आला. आंबट.

पेटीतून आवाज आला.

तोच आवाज. पण...

काका थांबले.

"पण काय, काका?"

"मराठी."

दीपाने हातातला ब्रश खाली ठेवला.

"श्रीरंगच्या नाटकातलं वाक्य. पहिल्या खर्ड्यात लिहून त्याने स्वतःच खोडलेलं. ते कोणी वाचलंच नव्हतं."

तो पळाला. दिवे तसेच टाकून.

दोन आठवड्यांनी त्याचा प्रयोग. आम्ही सगळे गेलो. बाहेर पोस्टर. नाटकाचं नाव होतं, नट होते, मंडळ होतं. 'लेखक', आणि पुढे पिवळी पट्टी. प्रसन्नने ओरबाडली, तर खालचा कागदच फाटून आला. दुसऱ्या पोस्टरवर पट्टी. तिसऱ्यावर पट्टी. तिसरी घंटा झाली, प्रसन्न माइकवर म्हणाला, "लेखक..." आणि रुमाल तोंडाला लावून आत गेला. विंगेत ओकत होता.

मग ऑफिसात श्रीरंगच्या दारावरच्या नावावर. मग घराच्या मेलबॉक्सवर.

"मग तो आता तरी त्या माणसाचं नाव का नाही घेत?" मी जवळजवळ ओरडलोच. "मोठ्याने! सगळ्यांसमोर!"

"घेतो. रोज घेतो." काका माझ्याकडे बघत नव्हते. "ओठ हलतात... खळ वर येते..."

त्यांनी चहाचा मग बाजूला सारला.

"आता न्यूयॉर्कला बेलव्ह्यूत असतो, मनोरुग्णांच्या इस्पितळात," काका म्हणाले. "परवाच्या रविवारी जाऊन आलो. येताना त्याच्या घरी थांबलो. मेलबॉक्सवर पट्टी होतीच. दोन वर्षं झाली. चांगलं ऊन पडलं होतं. मी अंगठ्याने खरवडून पाहिली... आतली खळ ओली होती."

त्यांनी अंगठा दिव्याखाली धरला. "रोज धुतो."

दीपा हसतच वास घ्यायला पुढे वाकली. मग मागे सरकली, आणि दोन्ही हात तोंडावर दाबून धरले.