मुरलीधरकाकांची परवानगी

कॉम्प्युटरमध्ये नवी विंडोज टाकली की जुनी जात नाही. एका फोल्डरमध्ये गोळा होऊन पडून राहते. डिस्कवरची जागा अडवते, बाकी काही करत नाही. नोएडाच्या ऑफिसात असली अडगळ मी रोज काढतो, त्यामुळे रविवारी दुपारी मयूर विहारला शालिनीकाकूंकडे गेलो तेव्हा वाटलं, चहा होईपर्यंत आटोपेल.

मुरलीधरकाका दिवाळीत गेले. ते असेपर्यंत घरच्या या कॉम्प्युटरला हात लावायची काकूंची बिशाद नव्हती. पंखा लावायचा तरी काकांना विचारायच्या. उद्यापासून मात्र त्या भरतकामाच्या डिझाइनच्या क्लासला जाणार होत्या, आणि त्याचं सॉफ्टवेअर जागेअभावी बसत नव्हतं. खरं सांगतो, मला मनापासून बरं वाटलं होतं.

"सगळं काढ विक्रांत," काकू म्हणाल्या. "काही ठेवू नकोस."

मी डिलीट दाबलं. स्क्रीनवर आलं, यासाठी मुरलीधर यांची परवानगी लागेल.

यात नवल काही नाही. जुन्या फायली जुन्या माणसाच्या नावावर असतात. मालकी माझ्याकडे घेतली, पुन्हा दाबलं. फोल्डर गेला. जागा तपासली, तर तसूभरही वाढली नव्हती. फोल्डर होता तिथेच होता. आत, काकांच्या नावाखाली, काकूंच्या नावाचा एक नवा फोल्डर. तारीख आजची.

"व्हायरस असेल यार," मी पुटपुटलो. माझं मलाच ते पटलं नाही. खोलीत दाढीच्या साबणाचा वास येत होता.

काकूंचा फोल्डर उघडायला गेलो. मुरलीधर यांची परवानगी लागेल.

काकूंनी ते वाचलं आणि पदर सावरून उठल्या.

"विचारून येते."

"काकू, कुणाला?"

आतल्या खोलीचं बंद दार त्यांनी बोटाने वाजवलं, मग आत गेल्या. मला फक्त त्यांचाच आवाज येत होता. "हो... बरं... नाही, पुन्हा नाही." मध्येमध्ये त्या ऐकत होत्या.

बाहेर येऊन त्यांनी मशीनचा स्विच बंद केला.

"नको म्हणाले. क्लासही नको."

बॅग उचलून दारापाशी आलो. कडीवर हात ठेवला, पण ती सरकवायला मन धजेना.

"काका," मी म्हणालो, "निघू का?"

आणि वाट बघत उभा राहिलो.