उपडा फोन

भाचीचा मेसेज आला तेव्हा फौजदारमामा दाढी करत होते. 'परवा बाळ पलंगावरून पडलं. कपाळाला टाके पडले. डेटा संपलेला, कुणालाच व्हिडिओ कॉल करता आला नाही. हे धाकट्या दिराला घराबाहेर काढतायत. तुम्ही या.' अर्धी दाढी तशीच ठेवून मामा निघाले.

भाची आणि तिचा नवरा, दोघांनाही ऐकू येत नाही. त्यांचं बोलणं हातांनी, तेव्हा डेटा संपला की तोंड बंद. हल्ली रोजचा डेटा दुपारच्या आतच संपायचा. संशय सरळ दिरावर आला, कारण तो कॉलेजात शिकायचा आणि वहिनीच्या फोनचा हॉटस्पॉट वापरायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची आपल्याला भारी घाई. त्याची बॅग भरून दाराशी ठेवली होती.

मामांनी आधी फोन मागितला. कुठल्या ॲपने किती डेटा खाल्ला ते सेटिंगमध्ये दिसतं. हॉटस्पॉटचा वाटा चिमूटभर निघाला. सगळा फडशा व्हिडिओ कॉलने पाडला होता.

भाची चक्रावली. मामा खुणा करतात त्या वाहतूक पोलिसासारख्या, तरी तिला त्या कळतात. तिने सांगितलं, सकाळी आईशी जेमतेम दोन शब्द होतात. निरोप घेतला की फोन ओट्यावर उपडा ठेवून ती कामाला लागते. कॉल आईच बंद करते, पहिल्यापासून तशीच सवय. बाळ पडलं तेव्हा मेसेज करायचंही सुचलं नाही. त्याला उचलून ती थेट दवाखान्यात पळाली. मागोमाग दीर तिथे हजर झाला.

मामा दिराकडे वळले.

"दवाखान्यात तू कसा पोचलास?"

"वहिनीच्या आईचा फोन आला. म्हणाल्या, बाळ पडलंय, धाव."

"हे आधी का नाही बोललास?"

"मला विचारलं कुणी?"

मामांना पुढचं सगळं कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. ते सख्ख्या बहिणीच्या, म्हणजे भाचीच्या आईच्या घरी गेले. गुडघेदुखीने ताई महिनोन् महिने घरातच होती.

"ताई, तिने कुणालाच कळवलं नव्हतं. मग तुला कसं कळलं?"

ताईने हातातला फोन पदराखाली सरकवला.

"मग मीच सांगतो. निरोप झाला तरी तू कॉल चालूच ठेवायचीस. फोन उपडा, तिला दिसत नाही. ऐकू तर येतच नाही. तू तासन् तास ऐकत बसायचीस, तिची पावलं फोनजवळ वाजली की कापायचीस. तिचा डेटा त्यात जायचा."

"बाळ बडबडायला लागलंय रे," ताई म्हणाली. "मला जाता येत नाही. वाटलं, नुसतं ऐकलं तर कुणाचं काय जातं? त्या दिवशी पडल्याचा आवाज आला. मी इथून ओरडतेय, तिला कसं ऐकू जाणार? आणि मग डेटा संपून कॉलच तुटला. माझ्यामुळेच तुटला."

"त्या पोरावर आळ आला, तरी गप्प बसलीस."

"बसले. लाज वाटली. आता त्याहून जास्त वाटतेय."

मामांनी स्वतःच्या फोनवरून भाचीला कॉल लावला. ताईने काही न लपवता सगळं हातांनी सांगितलं, आधी दीर निर्दोष असल्याचं. पडद्यावर भाचीमागे उभ्या जावयाने जाऊन भावाची बॅग स्वतः आत आणली.

ताईला वर बघवेना.

"बघ," मामा म्हणाले, "काहीतरी विचारतेय."

भाची विचारत होती, बाळाचा आवाज कसा आहे?

ताईने हात उचलले. जन्मभर लेकीला सगळं हातांनीच सांगत आलेल्या त्या बाईला एकही खूण सापडेना.