उदास शाल

"ही शाल खांद्यावर घ्या, आणि काहीतरी वाईट आठवा," असं फोटोवाला म्हणाला, तेव्हा मी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

केस ओले, कपाळाला चिकटलेली एक बट, आणि हातात ती राखाडी शाल. इतकी मळकी की मांजरानेसुद्धा अंगाखाली घेतली नसती. मी खरं तर पावसापासून आडोसा म्हणून त्याच्या दुकानात शिरले होते. पण अपंग भत्त्याच्या अर्जाला हात स्पष्ट दिसेल असा फोटो लागतो, आणि भत्त्याचं ऑफिस बरोबर समोर, वरच्या मजल्यावर. म्हटलं, चला, इथेच उरकून टाकू.

तो समजुतीने सांगू लागला. समोरच्या साहेबांना हसरे फोटो पटत नाहीत, अर्ज परत येतो. म्हणून इथे येणारा प्रत्येक जण ही शाल पांघरतो आणि चेहरा पाडतो. दुकानात तिला नावच पडलं होतं — उदास शाल.

"माझी बोटं गेलीत," मी म्हटलं, "दात नाही. हसता येतं मला."

त्याने ओठ दाबले, पण हसू निसटलंच. त्याला बघून मलाही आवरेना... आणि तेवढ्यात, खटक्.

बोटं दोन वर्षांपूर्वी गेली, पुस्तकबांधणीच्या कारखान्यात, कागद कापायच्या मशीनखाली. डाव्या हाताची मधली तीन. उरले अंगठा आणि करंगळी. पुस्तकं मी अजूनही शिवते. पूर्वी दिवसाला चाळीस व्हायची, आता पंधरा झाली तरी खूप. पंधरा पुस्तकांत खोलीचं भाडं निघत नाही. दादाने स्पष्टच सांगितलं होतं, महिनाअखेरपर्यंत भत्ता मंजूर झाला तर ठीक, नाहीतर सामान बांध आणि आमच्याकडे ये. काम-बिम पुरे, वहिनी सांभाळेल तुला. दादा वाईट नाही हो. पण ते 'सांभाळेल' काही केल्या माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. खोली गेली की काम जाणार, आणि काम गेलं की मग मी उरणार कोण?

आठ दिवसांनी अर्ज परत आला. वर लाल शाईत शेरा — 'फोटोत अर्जदार समाधानी दिसतात.'

"सांगितलं होतं मी, बाइंडरबाई," फोटोवाला म्हणाला आणि खुंटीवरच्या शालीकडे हात नेला. मी नुसती नकारार्थी मान हलवली. त्याने मुकाट्याने दिवे लावले.

"निदान हसू तरी नका."

"तुम्ही असं बघू नका मग."

"न बघता फोटो कसा काढू?"

"फोटोपुरतंच बघा."

तो कॅमेऱ्याआड गेला, आणि बराच वेळ तिथेच राहिला. मी विचारलं, अजून फोकसच चाललाय का. आतून आवाज आला, "होतोय... जरा अवघड आहे." माझे ओठ मिटलेले होते, पण डोळ्यांचं मी काय करणार? तो अर्जही परत आला.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा महिना संपायला सहा दिवस उरले होते. त्याने केस पुसायला कोरडा टॉवेल दिला, चहा मागवला. मग कपाची कड बोटाने फिरवत म्हणाला, "खरं सांगू? दुसऱ्यांदा परत आला ना अर्ज... मला बरं वाटलं. तुम्ही पुन्हा याल म्हणून."

मी कप खाली ठेवला.

"तुम्हाला बरं वाटलं. आणि माझी खोली जातेय."

त्याचा चेहरा असा उतरला की ती शाल त्यालाच शोभली असती. तो उठला, खुंटीवरून शाल काढली, टर्रकन मधोमध फाडली आणि दारात पायपुसण्याच्या जागी अंथरली. मग हळूच विचारलं, "वर येऊ तुमच्याबरोबर?"

"या. पण बोलणार मी."

साहेब चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, तब्येत छान दिसते, कामही करता, मग भत्त्याची गरज काय? त्यांच्यासमोर अर्जांची नोंदवही होती. शिवण पार सुटलेली, पानं रबरबँडने कशीबशी आवळलेली.

"साहेब, ही वही शिवून देते," मी म्हटलं. "घड्याळ तुमचं."

ते नको म्हणेपर्यंत पिशवीतून दाभण, सुई, दोरा बाहेर निघालाही होता. दोऱ्याचं टोक मी दातांत धरलं. अंगठा आणि करंगळीत पानं दाबायची, उजव्या हाताने टाका घालायचा. पानं निसटायची. पुन्हा जुळवायची, पुन्हा दाबायची. सुई दोनदा करंगळीत शिरली. दोन्ही वेळा फोटोवाल्याचे हात पुढे आले, मी नुसतं त्याच्याकडे बघितलं, आणि त्याने ते खिशात घातले. बिचारा... हात खिशात ठेवणंही कधीकधी किती कष्टाचं असतं, ते मी तेव्हा पाहिलं. मागच्या रांगेत कुणी खोकलंसुद्धा नाही.

शेवटची गाठ मारून मी वही त्यांच्यापुढे सरकवली.

"पन्नास मिनिटं," साहेब पुटपुटले.

"पूर्वी दहा लागायची. अर्ज या चाळीस मिनिटांचा आहे, साहेब. माझ्या तोंडाचा नाही."

त्यांनी वही उघडली, मिटली, पाठीवरून हात फिरवला. एकही पान हललं नाही. मग चष्मा काढून म्हणाले, फोटो द्या. मी पिशवीत हात घालते तोच फोटोवाल्याने शर्टाच्या खिशातून एक फोटो काढून टेबलावर ठेवला. पहिल्या दिवसाचा. मी तोंडभर हसतेय, डावा हात पुढे, पिवळ्या ड्रेसवर उठून दिसणारा.

मंजुरीचा शिक्का पडला तो माझ्या हसण्याच्या अगदी कडेला.

जिन्यात मी विचारलं, "तो फोटो खिशात कसा?"

"पहिल्या दिवसापासून आहे. एक प्रत अर्जाला, आणि एक... मला."

"तुमची प्रत तर आता फायलीत गेली."

"गेली." तो एक पायरी खाली उतरून थांबला, त्यामुळे त्याचे डोळे माझ्या डोळ्यांसमोर आले. "मी तुम्हाला सांभाळीन वगैरे म्हणत नाहीये..."

"मग काय म्हणताय?"

"शेजारी बसू का, एवढंच विचारतोय. नेहमीसाठी."

बाहेर पाऊस थांबला होता, पागोळ्या तेवढ्या गळत होत्या. मी रस्ता ओलांडला, फाटक्या शालीवर नीट पाय पुसले आणि त्याच्या बाकावर जाऊन बसले, एका कडेला, एकाची जागा सोडून.

त्याने कॅमेऱ्याचा टायमर लावला आणि धावत येऊन बसला. जन्मभर दुसऱ्यांना बसवणारा माणूस, स्वतः बसला तो लाकडासारखा. मी माझा डावा हात त्याच्या हातात दिला. त्याने तो झाकायला दुसरा हात वर आणला.

"झाकू नकोस," मी म्हटलं. "हात स्पष्ट दिसला पाहिजे. आणि चेहरा पाडू नकोस... साहेब परत पाठवतील."

माझ्या तोंडून आलेलं ते पहिलं 'नकोस' ऐकून तो हसला, आणि कॅमेरा म्हणाला, खटक्.