राखेत निजलेली पोर

शूटिंगचा जनरेटर बंद पडला होता आणि दुसरा यायला वेळ होता. अंधारात लाइटवाले काका न पेटवलेली बिडी बोटांत फिरवत बसले, तशी नवी पोरं त्यांच्याभोवती सरकली. काका म्हणाले, ऐकीव नाही सांगत, माझ्या सख्ख्या वहिनीवर गुदरलेलं आहे. पटलं तर ऐका, नाहीतर झोपा.

नोव्हेंबरातल्या पहिल्या शनिवारची रात्र, अकरा वाजून गेलेले. ज्वालामुखी फुटतो आणि एवढं मोठं शहर राखेखाली गाडलं जातं, असा सिनेमा होता. डोंगर पुढे संगणकावर फुटायचा होता. इथे गोदामात नुसता रस्ता उभारलेला, आणि वरून पंखे लावून कागदाचा राखाडी भुगा सोडायचे. वहिनीचं काम मुडदे होऊन पडणाऱ्या माणसांना रंगवायचं. रंगाची माती संपली म्हणून ती मागच्या खोलीत बादली भरायला गेली, एवढंच निमित्त.

वहिनी जात्याच संशयी. दिराने चहा दिला तरी आधी कप हुंगणार. त्या रात्री तर तिची लेक पहिल्यांदाच मुडद्यांत झोपणार होती. वहिनीने तिला स्वतःच्या हाताने रंगवलं आणि भिंतीला अगदी चिकटून निजवलं. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला एक पोक्त बाई. पुरुषाची सावली नको. वर 'कट' ऐकल्याशिवाय पापणीसुद्धा हलवायची नाही, असा दम भरला.

बादली घेऊन परत आली तोवर शॉट सुरू झाला होता. तिची नजर आधी भिंतीकडे गेली.

लेक आणि भिंत यांच्यामध्ये कुणीतरी आडवं होतं. जिथे हात घालायला जागा ठेवली नव्हती, तिथे.

पुरुष. पाठमोरा.

माणसं पुरवणारा शेजारीच उभा होता. वहिनीने त्याची कॉलर धरली आणि कुठलं ध्यान माझ्या पोरीशेजारी निजवलंस म्हणून दातओठ खात विचारलं. तो रडकुंडीला आला.

"वहिनी, आईशपथ मी नाही. तुम्ही रंगवल्याशिवाय आत सोडतो का मी कुणाला?"

ते खरं होतं. आणि ही पाठ तिने रंगवली नव्हती.

दिग्दर्शकाने तिच्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं. शॉट बिघडवला तर उद्यापासून घरी बसायचं, हे वहिनीला सांगावं लागत नव्हतं. घर तिच्या एकटीवर चालत होतं. ती थांबली.

मग तो वळला.

हळू. अंगाखालचा भुगा जराही न हलता...

त्याचा हात पोरीवर आला. मग खांदा. पोर हलली नाही. आईने दम भरला होता ना.

वहिनीने बादली टाकली आणि ती सरळ शॉटमध्ये घुसली. वाकली. तो हात धरला.

गरम. तापातला नव्हे... निखाऱ्यातून काढल्यासारखा.

तिने सोडला नाही. दुसऱ्या हाताने पोरीला ओढलं. डोळ्यांत भुगा गेला. तिने खांद्याला डोळे पुसले.

भिंत होती. नुसती भिंत. मूठ रिकामी.

'कट' कुणीच म्हणालं नाही.

बाहेर आणून तिने लेकीला गदागदा हलवलं. काय करत होता गं तो मेला? पोर भ्यालेली नव्हती, उलट आईलाच समजावायला लागली.

"आई, तो म्हणाला, हलू नकोस, अजून पडतंय. मी आहे वर."

वहिनीने त्यावरही विश्वास ठेवला नाही. माया दाखवत अंगाशी येणारे तिने पुष्कळ पाहिले होते. काम गेलं ते गेलंच. त्याबद्दल तिने हूं की चूं केलं नाही.

महिन्याभराने सिनेमाचे तुकडे जोडणाऱ्या ओळखीच्या माणसाने काकांना बोलावून तो शॉट दाखवला. त्यात पुरुष कुठेच नाही. भुगा पडतोय. रस्त्यावर, पोक्त बाईवर, सगळ्यांवर. पोरीवर नाही. तिच्यावर वीतभर उंचीवर अडतोय आणि दोन्ही बाजूंनी घरंगळतोय, कुणाच्या पाठीवरून घरंगळावा तसा. मग वहिनी येते आणि तिला उठवून नेते.

एका पोराने विचारलं, त्या उठल्यावर मग पडला का भुगा तिथे?

"तिथे पडला की."

बिडी बोटांत थांबली.

"त्या दोघी चालत निघाल्या ना... त्यांच्यावर नाही पडला. दिसेनाशा होईपर्यंत नाही."