मागून चालणारा क्लाउस

तो आधी वाजला, मग पडला.

अंगावर बांधलेली सगळी घुंगरं एकदम खळखळली, काचमण्यांनी मढवलेली परातीएवढी टोपी कलली, मखमली घागरा बर्फावर पसरला... आणि पायवाटेच्या मधोमध, रेगुलाच्या अगदी पुढ्यात, एक भलीथोरली बाई बसकण मारून होती. गुळगुळीत चेहरा, गुलाबी गाल, ओठांच्या कोपऱ्यात एक फूल.

बाई कसली! क्लाउस होता तो.

जुन्या कॅलेंडरची वर्षअखेर. आज उर्नेश या डोंगरातल्या गावचे पुरुष मुखवटे चढवून क्लाउस होतात, पहाटेपासून शेतावरच्या घरोघरी फिरतात, अंगणात गोल करून बिनशब्दांचं गाणं गातात, प्रत्येकाचा हात हातात घेतात आणि पुढे निघतात. रेगुलाची आई याच गावची. म्हणून विंटरथूरहून तिघांची ही दरवर्षीची सहल. थर्मास बाबांकडे, वेळापत्रकही बाबांकडे.

"लागलं का हो?" रेगुलाने विचारलं.

मुखवटा हसतच होता. मुखवट्याला दुसरं येतं काय?

"तो बोलायचा नाही," मागून आई म्हणाली. "आवाजावरून ओळखतात ना लोक. हात दे त्याला, बघत काय राहिलीस!"

रेगुलाने हात दिला. तो उठला. हात मात्र —

*

— सोडला नाही. सोडणार तरी कसा? त्या मुखवट्यातून स्वतःचे पाय दिसत नाहीत आणि खालचा उतार काचेसारखा झालेला. त्याच्या गटातले बाकीचे पाच पार खालच्या अंगणापर्यंत पोचले होते. झाडांवरून बर्फाचा भुगा भुरभुरत होता. अगदी हळू, जणू त्याला कुठली गाडी गाठायची नव्हती.

"दरवर्षी पडता, की आज माझ्यासाठी खास?"

छन्.

"एकदा म्हणजे हो?"

छन्.

"म्हणजे खास माझ्यासाठी?"

छन्-छन्.

"अरेच्चा! म्हणजे दरवर्षी पडता!"

त्याचे खांदे हलले आणि सगळी घुंगरं खुदखुदली. मुखवट्याआड हसू लपवता येतं हो... पण घुंगरांना कोण आवरणार?

"लग्न झालंय का?"

हे आईने विचारलं. मागून. खणखणीत.

"आई!"

छन्-छन्. फारच घाईने.

"मी आपलं सहज," आई म्हणाली.

"सहज विचारत असलीस तर जरा पाय उचल," बाबा म्हणाले. "बसला उशीर होईल."

रेगुला हसली, आणि मग एकाएकी तिला हसू येईना. उतार संपत आला होता. या माणसाचं नाव तिला कोणीही सांगणार नव्हतं. मुखवट्यामागे कोण, हे इथलं माणूस बाहेरच्याला सांगत नाही. आईनेही कधी सांगितलं नव्हतं. आज निघालं की थेट पुढची वर्षअखेर. आणि तेव्हा हाच, याच घागऱ्यात असेल कशावरून?

अंगणाशी पोचल्यावर त्याने तिचा हात जरा जोरात दाबला, सोडला आणि गोलात जाऊन उभा राहिला.

*

गाणं.

(त्याला शब्दच नाहीत, तर इथे काय लिहायचं? एक आवाज चढतो. बाकीचे त्याच्याखाली हात धरल्यासारखे उभे राहतात. गोठ्यातल्या गाईसुद्धा रवंथ थांबवतात. मग संपतं, आणि बर्फ पुन्हा ऐकू यायला लागतो.)

*

घरमालकिणीने पांढरी वाइन आणली. मुखवट्यांच्या फटीतून नळ्या आत गेल्या. बाबांनी घड्याळ पाहिलं.

रेगुलाने आयुष्यात एकही गाडी चुकवली नव्हती.

क्लाउस हात मिळवत फिरू लागले. एक, दुसरा... आणि मग तो! तोच घागरा, तेच गुलाबी गाल, ओठांतलं तेच फूल. तिने तो हात दोन्ही हातांत घेतला आणि टोपीच्या कडेखाली वाकून एका दमात बोलून टाकलं.

"मला तुमचा चेहरा बघायचाय. वर्षभर नाही थांबता येणार मला. कुठे येऊ, तेवढं फक्त —"

मुखवट्याच्या आतून एक खोकला आला. जाड, तंबाखूचा, साठीचा.

"पोरी, तुझा तो मागचा. मी पुढचा. मी त्याचा बाप."

*

गटात घागरेवाले दोन असतात, एक सगळ्यांच्या पुढे, एक सगळ्यांच्या मागे. अगदी सारखे. रेगुलाला हे लहानपणापासून माहीत होतं. आज माहीत असून काय उपयोग झाला?

"आई गं," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"आमचं जेवण इथेच, मागच्या स्वयंपाकघरात," तो कुजबुजला. "मुखवटे तिथे उतरतात. बाहेरच्यांना आत घेत नाही. पण मी म्हातारा झालोय ना... कडी लावायची राहते माझ्याकडून."

आणि तो वाजत वाजत निघून गेला.

"चला," बाबा म्हणाले. "बस."

रेगुला हलली नाही. आईने तिच्याकडे पाहिलं, मग घराच्या मागच्या बाजूला पाहिलं.

"वाल्टर, आपण दोघं जाऊ."

"पण तिघं जायचं ठरलं होतं!"

"मी तुझ्याबरोबर या गावातून निघाले, ते काय ठरवून निघाले होते?"

बाबांनी थर्मासचं झाकण घट्ट केलं. मग थर्मास रेगुलाच्या हातात दिला. "कॉफी आहे अजून," ते म्हणाले, आणि वेळापत्रक घडी करून खिशात घातलं.

*

कडी लावलेली नव्हती.

घागरे आणि घुंगरं खुंट्यांवर, बाकावर सहा टोप्या ओळीने मांडलेल्या, टेबलाभोवती सहा उघडे चेहरे. लालबुंद, घामेजलेले, कपाळावर मुखवट्याच्या पट्टीचे वळ. बशांत चीजमधली मॅकरोनी आणि शिजवलेलं सफरचंद. पिकल्या मिशांचा एकजण खोकला आणि खिडकीबाहेर बघू लागला. त्याला तिने ओळखलं.

राहिले पाच.

"कोण हवंय, बाई?" एकाने साळसूदपणे विचारलं.

"आम्ही सगळेच पडतो हो अधूनमधून," दुसरा म्हणाला. बाकीचे बशीत बघून हसले.

पुन्हा चुकीच्या माणसाला धरलं तर? तिला थर्मास जड वाटायला लागला. मग तिने तो टेबलावर ठेवला.

"मघाशी जे सांगायचं ते मी भलत्यालाच सांगितलं. आता सगळ्यांनाच सांगते. उतारावर ज्याचा हात धरला होता, तो मला आवडलाय. चेहरा न बघता, नाव न विचारता. माझी बस गेली. पुढची आहे... पण मला तीही पकडायची नाहीये."

काटे बशीत खरडत राहिले. एक सोडून.

कोपऱ्यातल्याचा काटा हवेतच अडकला होता. नाक जरा वाकडं, कान मोठे, केस ओले होऊन कपाळाला चिकटलेले. मुखवट्याइतका देखणा नव्हता. बरं झालं, तिला वाटलं. तेवढ्या देखण्या माणसाशी बोलायचं काय?

तो बाकावर सरकला. शेजारचाही सरकला. मधे एका माणसापुरती जागा झाली.

"हानेस," तो म्हणाला. दिवसभर न वापरलेला आवाज, घोगरा. "ये ना... मॅकरोनी गार होतेय."

ती बसली. बशी एकच होती, काटाही एकच.

त्याने काट्याची मूठ तिच्याकडे वळवली.