सात नंबरचा दिवा

आदिलाबादहून हेरंब भैंसा गावच्या एका कापसाच्या जिनिंगात आला तो अगदी साध्या कामाला. विजेची बचत करायची, बस्स. छपरात मधूनमधून पारदर्शक पत्रे बसवून झाले होते, त्यातून भरदुपारचं ऊन थेट रेच्यांवर, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या यंत्रांवर, पडत होतं. आता कुठले दिवे काढता येतील, एवढंच उजेड मोजून ठरवायचं होतं. जेवणाची सुट्टी झाली, रेचे थांबले, कामाच्या बाया बाहेर लिंबाखाली गेल्या. शेडमध्ये सरकीचा तेलकट वास तेवढा उरला.

सोबतीला डोमाजी, तिथला जुना वायरमन. रेच्यांच्या खडखडाटात उमेदीतच कान गेलेले. त्याच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचंच.

"बाकी सगळे काढा, साहेब," तो म्हणाला. "फकत हा सात नंबरचा राहू द्या."

"इथं तर भरपूर उजेड आहे, काका."

डोमाजीनं त्या दिव्याखालच्या रेच्यावरून हात फिरवला. त्याची बायको सोजरबाई याच रेच्यावर कामाला होती. तेव्हा छपरातून ऊन येत नसे, आणि मालक पक्का चिकट. दुपारी निम्मे दिवे बंद, असा त्याचा हुकूम. अकरा वर्षांमागं एका दुपारी डोमाजीनं रोजच्यासारखी बटणं दाबली, आणि त्या अंधारात अडकलेला कापूस काढता काढता सोजरबाई रेच्यात ओढली गेली. गेलीच बिचारी.

"एक हाक मारली असती तं लगेच लावला असता मी," डोमाजी म्हणाला. "मारलीच नाही तिनं. तेवढ्यावरच जगून राह्यलो."

हेरंबला फार वाईट वाटलं. पण मोजायचं म्हणजे दिवा एकदा तरी बंद करणं भाग होतं. त्यानं खूण केली. डोमाजी भिंतीशी गेला, जरासा घुटमळला आणि त्यानं बटण दाबलं.

वर ऊन लख्ख होतं. तरी हातातल्या उजेड मोजायच्या मीटरवरचा आकडा उतरायला लागला. तीनशे... एकशे दहा... नऊ. हेरंबनं मान वर केली. पत्र्यावर काही नव्हतं. आणि रेच्याच्या आतून आवाज आला, घरातल्या बाईचा असावा तसा.

"अवो... लाइट लावा नं... माहा हात आत हाय..."

दमलेला आवाज. पुन्हा आला. मग आणखी एकदा, थोडा मोठा. त्या दुपारीही ती अशीच हाका मारत राहिली असणार, आणि पाच पावलांवरच्या डोमाजीला त्यातली एकही ऐकू गेली नसणार.

"लावा, काका," तो ओरडला.

दिवा लागला. हाक थांबली. डोमाजी त्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

"चेहरा काऊन उतरला, साहेब? काई... आवाज आला का?"

खरं सांगितलं तर म्हातारा उद्याचा दिवस बघणार नाही, हे हेरंबला स्वच्छ कळलं. त्यानं मान हलवली.

"नाही, काका. काहीच नाही."

डोमाजीनं सुस्कारा सोडला, डोळे पुसले आणि जेवायला निघून गेला. हेरंबनं वहीत लिहिलं: सात नंबर चालू ठेवणे. दिवा जळत होता. शेडमध्ये आता हेरंब एकटाच होता. आणि त्याच्या कानाशी त्याच दमलेल्या आवाजात कुणीतरी हळूच विचारलं,

"खोटं काऊन बोलले, साहेब?"